पदर, ओढणी, बुरखा, स्कार्फ : शिरूर-दौंडमधील स्त्रियांची शिरोवस्त्रे

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांत स्त्रिया डोके झाकण्यासाठी जी वस्त्रे वापरतात, त्यांत पुष्कळ विविधता आहे. नऊवारी आणि सहावारी साडीचा पदर, पंजाबी ड्रेसची ओढणी, बुरखा आणि हिजाब, मारवाडी घरांतला घुंघट, लमाण स्त्रियांची आरसे जडवलेली ओढणी, जैन साध्वी आणि ख्रिस्ती नन यांची वस्त्रे, दुचाकीवरचा स्कार्फ, शेतात डोक्याला बांधायचा टॉवेल आणि कारखान्यातली जाळीची टोपी, एवढे प्रकार तर सहज मोजता येतात. यांतले काही धर्माची खूण म्हणून ओळखले जातात आणि चर्चा बहुधा त्यांच्याचभोवती फिरते. या भागातला प्रत्यक्ष व्यवहार पाहिला तर मात्र कोणत्या बाईने डोके केव्हा झाकायचे, हे तिच्या धर्मापेक्षा तिचे नाते, समोरचे माणूस आणि हातातले काम यांवरून अधिक ठरत आले आहे. धर्माची रेघ ठळक झाली ती अलीकडच्या काही दशकांत.

ही विविधता या भागाच्या इतिहासातून आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोड नदीकाठी इंग्रजांची लष्करी छावणी पडली आणि शिरूरची, म्हणजे जुन्या तोंडी घोडनदीची, बाजारपेठ वाढली. छावणीमागून मारवाडी-गुजराती व्यापारी आले, पुढे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र आले. दौंडला रेल्वेने घडवले. मुंबई-सोलापूर मार्गावर असलेल्या या गावापासून १८७८ मध्ये मनमाडकडे फाटा निघाला, जंक्शन झाले आणि रेल्वे वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतली आणि धर्मांची कुटुंबे शेजारी राहू लागली. पुढे साखर कारखाने उभे राहिले, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आल्या, आणि त्यांच्याबरोबर ऊसतोड मजूर व परप्रांतीय कामगार कुटुंबेही आली.

या सगळ्यांत सर्वांत जुने आणि सर्वांत पसरलेले शिरोवस्त्र पदर हेच. त्याला वेगळे कापड लागत नाही, लुगड्याचेच टोक डोक्यावर येते. नऊवारी नेसताना पदर उजव्या काखेखालून छातीवरून डाव्या खांद्यावर जातो, पाठीवरून फिरवून डोक्यावर घेतला जातो आणि त्याचे टोक उजव्या खांद्यावर येते किंवा कमरेला खोचले जाते. कपाळाच्या वर लुगड्याचा काठ येतो. म्हणून इरकलीसारख्या लुगड्यांत काठाला इतका मान. केसांचा अंबाडा मागे असेल तर पदर त्याच्या आधाराने टिकतो, वेणी असेल तर घसरतो. हात कामात असताना घसरलेला पदर दातांत धरून सावरायची लकब खेड्यातल्या प्रत्येक घरात पाहायला मिळते. चेहरा झाकणे हा या पदराचा हेतू नाही. उत्तरेकडे घुंघट नाकाखाली ओढला जातो, तसा मराठी पदर सहसा कपाळाखाली उतरत नाही.

पदराचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण ते अगदी पक्के आहेत. पहिला नियम सासर आणि माहेर यांतला. गावची लेक माहेरी आली की तिच्या डोक्यावर पदर नसतो. त्याच गल्लीत नांदणाऱ्या सुनेच्या डोक्यावर असतो. दोघींचे वय, जात, धर्म एकच असले तरी हा फरक राहतो. सासरा, भाया आणि गावातले वडीलधारे समोर आले की सून पदर घेते. धाकट्या दिरासमोर एवढे कडक नसते. चावडीपुढून किंवा पारावर माणसे बसलेली असताना जायचे झाले तर पदर वर जातो आणि ती जागा ओलांडली की खाली येतो. सासू झाल्यावर धाक कमी होतो, पण सवय इतकी मुरलेली असते की म्हातारी बाई एकटी अंगणात बसली तरी तिचे डोके झाकलेले असते. हे सारे पाहता या पदराला लज्जावस्त्र म्हणण्यापेक्षा नात्यांतली पायरी दाखवणारे चिन्ह म्हणणे अधिक बरोबर.

दुसरे निमित्त धार्मिक. ओटी भरून घेताना, कुंकू लावून घेताना, आरतीला उभे राहताना, मोठ्यांच्या पाया पडताना पदर डोक्यावर येतो. कुरकुंभची फिरंगाई असो की कवठे येथील यमाई, देवीला लुगडे नेसवले की पदर तिच्याही डोक्यावरून घेतला जातो. इथे एक गोष्ट बहुधा विसरली जाते. पूर्वी पुरुषानेही उघड्या डोक्याने देवळात, पंगतीत किंवा पाहुण्यांसमोर जाणे अप्रशस्त मानले जाई. पागोटे, पटका, फेटा, पुढे गांधी टोपी हा त्याचा पदरच होता, आणि डोके बोडके ठेवणे म्हणजे सुतकाची खूण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुषांच्या डोक्यावरची टोपी हळूहळू गेली आणि त्याबद्दल कोणी फारशी हळहळ केली नाही. बायकांचा पदर मात्र घराण्याच्या अब्रूशी बांधलेला राहिला. निम्मी प्रथा सुटली, निम्मी उरली, आणि उरलेली निम्मी पुढे जणू फक्त स्त्रियांचीच असल्यासारखी दिसू लागली.

महाराष्ट्रात पदर जुना आहे याची साक्ष संतवाङ्मयातही मिळते. संत जनाबाईंच्या एका सर्वतोमुखी असलेल्या अभंगात डोक्यावरचा पदर ढळल्याची आणि त्याची पर्वा न केल्याची भाषा आहे. पदर ढळणे हे बंड ठरावे, यासाठी तो डोक्यावर असण्याची रीत आधी रुजलेली असावी लागते. संत तुकारामांची पालखी दरवर्षी यवत आणि वरवंड या दौंड तालुक्यातल्या मुक्कामांवरून पंढरीकडे जाते. त्या वाटेवर तुळशीवृंदावन किंवा पाण्याची घागर डोक्यावर घेतलेल्या बायका चालतात. त्यांच्या पदरावर वृंदावन बसलेले असते, आणि त्या चालीत सून कोण आणि लेक कोण हे ओळखता येत नाही. फुगडी रंगात आली की पदर कमरेला खोचला जातो आणि दिंडीतले वडीलधारे त्यावर काही बोलत नाहीत. वारीपुरती ही मोकळीक गावाने मान्य केलेली आहे.

त्याहून मागे गेले तर चित्र सरळ राहत नाही. कार्ल्याच्या लेण्यातल्या जोडप्यांमधील स्त्रियांच्या डोक्यावर जाड गुंडाळीची शिरोवेष्टने आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत बहुतेक स्त्रियांच्या डोक्यावर वस्त्र नसून दागिने आणि फुले आहेत. संस्कृत नाटकांत मात्र अवगुंठन, म्हणजे डोक्यावरून घेतलेले आच्छादन, येते. कालिदासाच्या नाटकात शकुंतला दुष्यंताच्या दरबारात येते ती अवगुंठन घेऊन. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शेवटी गणिका वसंतसेनेला वधूचा दर्जा मिळतो आणि तिला अवगुंठन दिले जाते. तिथे अवगुंठन हा बहुमान आहे. मेसोपोटेमियातल्या मध्य-असिरियन कायद्यातही विवाहित स्त्रीने डोके झाकावे आणि दासी व वेश्या यांनी ते झाकू नये, झाकल्यास शिक्षा, असा भेद सांगितलेला आहे. तो कायदा इस्लामच्या उदयाआधी सुमारे सतराशे वर्षांचा आहे. पडद्याची चाल मुसलमानी आक्रमणांमुळे आली, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. २००७ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार असताना प्रतिभा पाटील यांनी असेच विधान केले तेव्हा इतिहासकारांनी आक्षेप घेतले होते. स्वतः पाटील यांनी डोक्यावरचा पदर राष्ट्रपती भवनातही कायम ठेवला. मध्ययुगात उच्च घराण्यांत पडदा कडक झाला हे खरे, पण झाकलेल्या डोक्याचा मानाशी लावलेला संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे.

हा मान महाराष्ट्रात जातीच्या पायऱ्यांवर स्पष्ट दिसे. सरदार-देशमुख मराठा घराण्यांत गोषा होता. बायका बाहेर पडत त्या पडदे लावलेल्या मेण्यातून किंवा गाडीतून, आणि नोकरांनाही त्यांचे दर्शन होत नसे. शेतकरी कुणबिणीला गोषा परवडणारा नव्हता. तिला खुरपायला, पाण्याला, बाजाराला जावेच लागे, म्हणून तिच्या वाट्याला फक्त पदर आला. कुटुंबाची ऐपत वाढली की बाई शेतावर जाणे बंद होई आणि पदर लांब होई. ‘आमच्यात बायका रानात जात नाहीत’ हे वाक्य म्हणूनच कमाईचे प्रदर्शन असे. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने पोशाखाची वर्णने जातवार दिली आहेत, आणि कपड्यावरून माणसाची पायरी ओळखण्याची त्या काळची सवय त्या मांडणीतही उतरली आहे.

ब्राह्मण स्त्रियांच्या बाबतीत मात्र हे गणित उलटे होते. मराठी ब्राह्मण घरांत सवाष्ण डोक्यावरून पदर घेत नसे. अंबाडा, त्यावरचे फूल आणि सोन्याची वेणी उघडी दिसे. डोके झाकलेले असे ते विधवेचे, कारण तिचे केशवपन झालेले असे. तांबडे आलवण डोक्यावरून घेतलेली सोवळी बाई घराच्या आतल्या अंधारात कामाला राबे आणि मंगल कार्यात समोर येत नसे. एकाच गावात मराठा वाड्यात झाकलेले डोके म्हणजे मान, आणि ब्राह्मण आळीत झाकलेले डोके म्हणजे अशुभ. शिरोवस्त्रांवरच्या सर्वसाधारण लेखनात ही गोष्ट क्वचित येते, आणि तिच्याशिवाय महाराष्ट्रातला प्रश्न समजत नाही.

दौंड तालुक्यातले केडगाव या प्रश्नाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरते ते पंडिता रमाबाईंमुळे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या, इंग्लंडला गेल्या, १८८३ मध्ये वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवले. तिथे येणाऱ्या मुलींत केशवपन झालेल्या बालविधवा होत्या. सदनात त्यांना केस वाढवता येत, सर्वांबरोबर बसून शिकता येई. सनातनी पुण्याला सदनाचा राग आला त्यात धर्मांतराच्या भीतीबरोबर हाही भाग होता. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. केस राखलेली, कुंकू लावलेली आणि डोके उघडे असलेली विधवा समाजात वावरणे हेच तेव्हा वादाचे कारण होते. याच सुमारास, १८९० मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. वस्तरा चालवणाऱ्यानेच हात आखडता घ्यावा, ही युक्ती सत्यशोधकी वळणाची होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या आणि त्यांना केडगावच्या शेतावर ठेवले. तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर गुजरातेतूनही मुली आल्या आणि वस्ती दीड हजारांच्या वर गेली. विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, छपाई अशी कामे बायकाच करत. रमाबाईंच्या उपलब्ध छायाचित्रांत त्यांचे आखूड कापलेले केस आणि पांढरे साधे वस्त्र दिसते. वाँटेजच्या मठात त्यांनी शिरोवस्त्र घेणाऱ्या सिस्टरांबरोबर दिवस काढले होते, पण नन झाल्या नाहीत आणि आपला देशी पोशाख आणि शाकाहारही सोडला नाही. केशवपन झालेल्या विधवेचे आलवण आणि मठातल्या ननचे शिरोवस्त्र ही दोन्ही संन्यासाची वस्त्रे. एक लादलेले, दुसरे निवडलेले. दोन्ही जवळून पाहिलेल्या रमाबाईंनी तिसरीच वाट धरली आणि १९२२ मध्ये केडगावातच त्यांचे निधन झाले.

ख्रिस्ती परंपरेत डोके झाकण्याचा आधार करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. प्रार्थना करताना स्त्रीने मस्तक झाकावे असे पौल तिथे सांगतो. कॅथलिक पंथाच्या १९१७ च्या धर्मसंहितेत चर्चमध्ये स्त्रियांनी डोके झाकण्याचा नियम होता. १९८३ च्या नव्या संहितेत तो उरला नाही. अहिल्यानगर-शिरूर पट्ट्यातले बहुतेक मराठी ख्रिस्ती प्रॉटेस्टंट मिशनच्या वारशातले. त्यांच्या उपासनेत बाई डोके झाकते ती साडीच्या पदराने, आणि तिच्या आजीने तोच पदर मरीआईपुढे घेतलेला असू शकतो. धर्म बदलला तरी डोके झाकण्याची रीत तीच राहिली. तरुण मुली आता प्रार्थनेच्या वेळी ओढणी किंवा रुमाल घेतात.

मुस्लिम स्त्रियांची गोष्टही पदरापासूनच सुरू होते. तांबोळी, आतार, मुलाणी, पिंजारी, शिकलगार अशा गावगाड्यातल्या मुस्लिम घरांत जुन्या पिढीच्या बायका लुगडेच नेसत, आणि डोक्यावरचा पदर शेजारणीसारखाच असे. फरक असे तो छोट्या गोष्टींत. अजान ऐकू आली की हातातले काम थांबवून पदर डोक्यावर सावरला जाई, कुराण वाचताना दुपट्टा घट्ट लपेटला जाई. कुराणात या विषयाचे मुख्य उल्लेख चोविसाव्या आणि तेहतिसाव्या सुऱ्यांत आहेत. पहिल्यात ओढणी छातीवरून घेण्याचा आदेश आहे, दुसऱ्यात बाहेर पडताना अंगावर चादरीसारखे वस्त्र ओढून घेण्याचा. चेहरा झाकणे अनिवार्य आहे की नाही, याबद्दल धर्मपंडितांत जुना मतभेद आहे. शहरी, सुखवस्तू घरांत टोपीचा जाळीदार पांढरा बुरखा आणि नंतर काळा दोन तुकड्यांचा बुरखा होता. खेड्यात राबणाऱ्या बाईला तो शक्य नव्हता. कुणबिणीला गोषा परवडत नव्हता त्याच कारणाने.

गेल्या तीन-चार दशकांत हे बदलले. शहराशी आणि आखाताशी संबंध वाढले, धर्मशिक्षणाच्या चळवळी गावोगाव पोचल्या, दंगलींनंतर समाज आत ओढला गेला आणि बाजारात शिवलेले बुरखे व पिन लावायचे हिजाब स्वस्तात मिळू लागले. आजीचे लुगडे, आईची सहावारी साडी आणि नातीचा काळा बुरखा अशा तीन पिढ्या एका घरात दिसतात. नात कॉलेजला जाते आणि आजी कधी शाळेतही गेली नाही, ही बाजूही त्याच चित्रात आहे. बुरखा म्हणजे मागे जाणे, असे सरसकट सांगणाऱ्यांनी आणि ‘आमच्यात पहिल्यापासून बुरखाच’ असे सांगणाऱ्यांनीही या तीन पिढ्यांकडे एकदा नीट पाहायला हवे. दाऊदी बोहरा स्त्रियांचा रंगीत, झालरी लावलेला दोन तुकड्यांचा रिदा पुण्यासारख्या शहरांत दिसतो. तो काळ्या बुरख्यापेक्षा वेगळा आहे आणि बोहरा समाजाची ओळख म्हणूनच घातला जातो.

शिरूरच्या पेठेतल्या मारवाडी-जैन कुटुंबांत सासऱ्यासमोर घुंघट घेण्याची राजस्थानी रीत होती. तिथे चेहरा झाकला जाई, म्हणजे मराठी पदरापेक्षा हा पडदा कडक. नव्या पिढीत ती रीत सणापुरती, लग्नापुरती राहिली आहे. चातुर्मासात मुक्कामाला येणाऱ्या स्थानकवासी साध्वी केशलोच करतात, म्हणजे हाताने केस उपटतात, आणि डोके पांढऱ्या वस्त्राने झाकतात. लमाण स्त्रियांची आरसे, कवड्या आणि नाणी लावलेली जड ओढणी आता बहुधा वृद्धांच्याच अंगावर दिसते. त्यांच्या नातींच्या अंगावर साडी किंवा ड्रेस आला आहे. गुरुद्वारात स्त्री-पुरुष सर्वांनाच डोके झाकावे लागते, आणि पडद्याला मात्र शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांनी सोळाव्या शतकातच विरोध केला होता. पारशी स्त्रियांचा डोक्याला बांधायचा पांढरा मथाबाना आता धार्मिक विधींपुरता उरला आहे. बेने इस्राएल स्त्रियांनी तर यहुदी धर्मातला विवाहितेने केस झाकण्याचा नियम मराठी पदरातूनच पाळला.

बौद्ध परंपरेत उपासिकेला डोके झाकण्याचे बंधन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात, जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि कथलाचे दागिने सोडून द्यायला सांगितले. अस्पृश्य स्त्रीचे पातळ किती वर असावे, काठ कसा असावा, यावर गावाचा धाक चाले. त्यामुळे नेसण बदलणे ही सुधारणा सार्वजनिक होती, घरापुरती नव्हती. १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाकडे मानवंदनेला जाणाऱ्या गर्दीत पांढऱ्या साडीतल्या वृद्ध स्त्रियांच्या डोक्यावर पदर असतो. तरुण मुलींच्या डोक्यावर निळी पट्टी किंवा उन्हाची टोपी असते.

एवढा वेळ धर्म आणि जात यांचा विचार झाला, पण वर्षातले सर्वाधिक तास या भागातल्या बायकांचे डोके झाकलेले असते ते कामामुळे. पूर्व पुणे जिल्हा कमी पावसाचा, झाडोरा विरळ, आणि मार्चपासून ऊन असह्य. कांदा काढणीला बसलेल्या बायकांच्या अंगावर साडीवरून नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो आणि डोक्याला पदरावरून टॉवेल किंवा रुमाल घट्ट आवळलेला असतो. ऊसतोडीत तर याला पर्यायच नाही. उसाच्या पात्याची धार हात-तोंड कापते, कूस अंगात शिरते. बीड, अहिल्यानगरकडून पाटस, न्हावरे भागांतल्या कारखान्यांच्या हंगामाला येणारी जोडपी, ज्यांना बोलीत ‘कोयता’ म्हणतात, पहाटे फडात उतरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. डोक्यावर आधी पदर, मग जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची चुंबळ, मग मोळी. चुंबळ नीट बसली नाही तर मानेचा काटा ढिला होतो. वस्त्रप्रावरणांवरच्या पुस्तकांत चुंबळीला सहसा जागा मिळत नाही, कारण ती ना अलंकार ना धर्मचिन्ह. पण बाईच्या डोक्याशी सर्वांत जास्त संबंध आलेले कापड तेच आहे.

यंत्र आले तेव्हा तोच पदर धोक्याचा झाला. मळणी यंत्रात, चक्कीच्या पट्ट्यात, दुचाकीच्या चाकात पदर किंवा ओढणी अडकून अपघात होतात. रांजणगाव औद्योगिक वसाहतीत फ्रिज, वॉशिंग मशीन, बिस्किटे असे कारखाने आहेत. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात केस झाकणारी टोपी अन्नसुरक्षेच्या नियमांनीच सक्तीची आहे. स्त्री-पुरुष, हिंदू-मुसलमान सर्वांच्या डोक्यावर एकच पांढरी जाळी येते. कंपनीच्या बसमधून उतरून गावात शिरताना काही जणींची ओढणी परत डोक्यावर जाते. दिवसभराच्या जाळीला आणि संध्याकाळच्या ओढणीला वेगवेगळी कारणे आहेत, आणि दोन्ही त्यांना सारखीच सवयीची झालेली असतात.

दुचाकीवरचा स्कार्फ हे तर खास पुणेरी देणे. लांब ओढणी कपाळावरून घ्यायची, दोन्ही टोके मागे नेऊन फुली मारायची, पुढे आणून डोळ्यांखालून नाक-तोंड झाकायचे आणि मानेमागे गाठ मारायची; वर गॉगल. उन्हाने रंग उतरू नये, धुळीने केस खराब होऊ नयेत, हे सांगितले जाणारे कारण. ओळखीच्या माणसाने ओळखू नये, हे न सांगितले जाणारे. त्यामुळे शिक्रापूर-चाकण रस्त्यावर चेहरा पूर्ण झाकलेली मुलगी कोणत्या धर्माची आहे, हे कुणालाच कळत नाही आणि कोणी विचारतही नाही. हाच चेहरा वर्गात झाकलेला राहिला तर मात्र प्रश्न उभा राहतो.

घरातली रीतही बदलते आहे. नऊवारीची सहावारी झाली तेव्हा पदर डोक्यावर टिकेनासा झाला, मग पिना आल्या. पंजाबी ड्रेसला गावाने मान्यता दिली ती ओढणीच्या अटीवर. आता घरात गाऊन आला आहे. सासरा दारात दिसला की दोरीवरचा टॉवेल किंवा ओढणी गाऊनवरून खांद्यावर आणि जमल्यास डोक्यावर घेतली जाते. पोशाख संपूर्ण बदलला, पण नात्याचा नियम एका टॉवेलावर निभावला जातो. राजकारणात मात्र पदर नव्याने बळकट झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांत १९९३ पासून स्त्रियांना एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. निवडणुकीच्या फ्लेक्सवर उमेदवार बाई हात जोडून, डोक्यावर पदर घेऊन उभी असते. एरवी ती पदर घेत नसली तरी फोटोला घेते. मतदारांना सून हवी असते, असा कार्यकर्त्यांचा हिशेब.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले ते जगभर दोन टोकांनी. इराणमध्ये १९३६ मध्ये रझा शहाने बुरख्यावर बंदी घातली आणि १९८३ मध्ये इस्लामी राजवटीने डोके झाकणे सक्तीचे केले. एकाच देशात एका शतकात पोलिसांनी आधी डोक्यावरचे वस्त्र ओढून काढले आणि मग ते घ्यायला लावले. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना मनाई केली. भारतात कर्नाटकातल्या महाविद्यालयांच्या गणवेशाचा वाद न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाबवरची बंदी योग्य ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी परस्परविरुद्ध निकाल दिले. २०२४ मध्ये मुंबईतल्या चेंबूर येथील एका महाविद्यालयाचे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि ऑगस्टमध्ये हिजाब, टोपी यांवरच्या बंदीला अंशतः स्थगिती मिळाली. अशा खटल्यांत कसोटी लावली जाते ती, ही प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे काय, ही. तिचे मूळ १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात आहे. तो मठ कर्नाटकातल्या उडुपीचा. घोडनदीच्या शिरूरचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही.

या कसोटीत एक अडचण आहे. सवलत देताना नियमही डोके झाकण्याचे कारण म्हणून बहुधा धर्मच ओळखतात. मोटार वाहन कायद्यात हेल्मेटमधून सूट आहे ती पगडी घातलेल्या शिखांना. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला पारंपरिक किंवा धार्मिक पोशाखात यायचे तर तपासणीसाठी लवकर यावे लागते. पासपोर्टच्या छायाचित्रात डोके झाकायचे ते धार्मिक कारणासाठीच, आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. सुनेच्या डोक्यावरचा पदर धर्माच्या रकान्यात बसत नाही. तो कुठल्या ग्रंथात सांगितलेला नाही, म्हणून न्यायालयाच्या भाषेत तो अत्यावश्यकही नाही. त्यामुळे पदर पासपोर्टच्या फोटोपुरता निमूट खाली येतो, आणि आधार केंद्रातला मुलगा ‘आजी, पदर जरा मागं घ्या’ म्हणतो तेव्हा त्यावर कोणी खटला भरत नाही.